बॉल खाली ठेवायचा असतो

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी लोट्याला कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले होते. "काय गो बाय, जेवतेस वाटतं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी क्लबाचं स्नेहभोजन आहे. यंदा विषय रग्बीचा ठेवलाय. तू बोलायचंस." माझा घास हातातच राहिला. आमच्या रत्नागिरीच्या त्या क्रीडा क्लबात कॅरम, बॅडमिंटन आणि क्रिकेट यांच्यापलीकडे जगात खेळ असतात हे आजवर कुणी मान्यच केलं नव्हतं. स्नेहभोजन म्हणजे कॅरमच्या विजेत्यांना करंडक द्यायचे, ज्येष्ठ सभासदांना शाल घालायची, सागोती-वडे हाणायचे आणि आपापल्या बागेत आंब्याचा मोहोर बघायला परत जायचं, असा ठरलेला कार्यक्रम. आणि आता म्हणे रग्बी. माझा चेहरा बघून समोरच्या मैत्रिणीने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी जागं झालं.

"तुझे सर बोलतील," अध्यक्ष पुढे म्हणाले, "घाटावरून एक देशाकडून खेळलेल्या बाई यायच्यात, त्या बोलतील, आणि मग तू. खेळातून नेतृत्व कसं शिकलात ते सांगायचं. फार लांबण लावू नको, वडे गार होतात."

खरी गोष्ट त्यांनी फोन ठेवता ठेवता सांगितली. जेवणानंतर कमिटी बसणार होती आणि क्लबाच्या मागच्या मैदानाचा निकाल त्याच दिवशी लागणार होता. ते मैदान दोघांना हवं होतं. एक होता शहरातलाच माणूस. त्याला तिथे हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरून, चहूबाजूंनी जाळी लावून बॉक्स क्रिकेट सुरू करायचं होतं. दुसरी मी. मला ते आमच्या मुलींच्या रग्बी संघासाठी हवं होतं.

हे मैदान आमच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. आम्ही सराव करायचो तो मिरजोळ्याला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या कातळावर, नाहीतर भाट्याच्या किनाऱ्यावर. कातळावर धावता येतं, पास देता येतात, पण तिथे टॅकल केला, म्हणजे धावणारीला धरून पाडलं, तर गुडघ्याचं सालटं कातळाला चिकटून राहतं. किनाऱ्यावर पडायला हरकत नाही, पण तो किनारा आमच्या मालकीचा नसून समुद्राच्या मालकीचा. ओहोटी असली की ओली घट्ट वाळू मिळायची, भरती आली की आम्ही सुरूच्या झाडांत. जगातले बाकीचे संघ हवामान बघून सराव ठरवत असतील, आम्ही तिथी बघून ठरवायचो. क्लबाच्या मैदानावर मात्र लाल माती होती, पावसानंतर वाढलेलं गवत होतं आणि मुख्य म्हणजे ते बारा महिने जागच्या जागी असायचं. मुलींच्या घरी आधीच कुरकुर होती. रोज अंग खरचटून घेऊन येतेस, पुढे कसं व्हायचं, ही टेप प्रत्येकीच्या घरी वाजायची. मैदान हातचं गेलं असतं तर पावसाळ्यापर्यंत निम्म्या मुलींनी खेळ सोडला असता, हे मला दिसत होतं.

"एकच अडचण आहे," अध्यक्ष म्हणाले होते. "तू असतेस तिकडे लोट्याला, तीन तासांवर. कमिटी विचारणार."

"मी बघते काका," मी म्हटलं. मी बघते हे माझ्या तोंडचं ठरलेलं वाक्य. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा सुद्धा रडली नाही, सुईणीला मी बघते म्हणाली.

पूर्वी मी मिरजोळ्याच्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. शिफ्ट सुटली की कुंपणाच्या मागे कातळ, आणि कातळावर मुली. मग मला लोट्याला नोकरी मिळाली, चांगली नोकरी, आणि मी तिथे खोली घेऊन राहायला लागले. आठवड्याची सुट्टी ज्या वारी पडेल त्या वारी पहाटेची एसटी धरून रत्नागिरीला यायचं, मुलींचा घाम काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बाकीचे दिवस मी फोनवरून संघ चालवायची. कुणी किती धावायचं, कुणी कुणाला टॅकल करायचा, सगळं बोलून पाठवायची. प्लँटच्या गेटबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत मी फोनमध्ये ओरडत असायची, "मान खाली नको, खांदा घाला," आणि रांगेतले पुरुष दोन पावलं मागे सरायचे.

संघातली माझी सगळ्यात जवळची मुलगी म्हणजे नऊ. तिला नाव आहे, पण जर्सीवर नऊ म्हणून सगळ्या तिला नऊच म्हणतात. माझा आठ. कॉलेजात असल्यापासून मी पडायचं आणि तिने माझ्यामागून येऊन बॉल उचलून पळायचं, असं आमचं चाललेलं. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, आणि पळायला लागली की दाभोळच्या खाडीवरचा वारा. आता ती शहरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. प्रशिक्षकाची परीक्षाही तिने दिली होती, पास झाली होती, आणि हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "हो, झाले." एवढंच.

रविवारी मी पहाटेच्या गाडीने निघाले. रस्ताभर भाषणाची उजळणी करत होते. इतकी की कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा त्याला मी "आदरणीय व्यासपीठ" म्हणाले. तो म्हणाला, "सुटे द्या."

क्लबात पोचले तर दाराशीच मसाल्याचा वास. हॉलमधली बॅडमिंटनची जाळी काढून टेबलं लांबलचक मांडली होती. आमच्या क्लबात बुफे नसतो. टेबलावर का होईना, पंगत बसते, आणि तरुण मंडळींनी वाढायचं असा रिवाज आहे. वर्षानुवर्षं मी तिथे वाढपी होते. वडे कुणाला मऊ लागतात, कुणाचा रस्सा वेगळा काढायचा, कुणाला डॉक्टरने बंदी केलेली असूनही दुसऱ्यांदा वाढायचं, सगळं मला पाठ. त्या दिवशी मात्र मला वरच्या टेबलावर बसवलं, पाहुण्या बाई आणि सर यांच्या मधे. नऊ आणि बाकीच्या मुली कमरेला ओढण्या खोचून वाढत होत्या. मला बसवेना. दोनदा उठायला गेले, दोनदा सरांनी गुडघ्यावर थाप मारून खाली बसवलं.

सर म्हणजे आमचे पहिले आणि शेवटचे गुरू. नौदलात होते, तिथल्या संघाकडून वर्षानुवर्षं रग्बी खेळले. नाक दोनदा मोडल्यामुळे ते समोर बघत असले तरी नाक दुसरीकडे बघत असतं. निवृत्त होऊन गावी आले, कलमं लावली आणि एका संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर कबड्डी खेळणाऱ्या आम्हा कॉलेजच्या पोरींच्या अंगावर त्यांनी एक लांबुडका बॉल फेकला. तो मी झेलला. पुढचं सगळं त्यातून झालं. तोच बॉल त्या दिवशी त्यांनी पिशवीतून आणला होता आणि टेबलावरच्या फुलदाणीशेजारी ठेवला होता. सभासद त्याच्याकडे जरा संशयाने बघत होते.

पहिल्या पंगतीला वडे वाढून झाले आणि सर उभे राहिले. समोरच्या टेबलावर मोहोर आणि तुडतुडे यांची चर्चा रंगली होती, ती थांबली नाही. सरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "माझी रग्बीतली कारकीर्द गैरसमजातून सुरू झाली. दांडगा दिसतो म्हणून मला बोलावलं, मला वाटलं काहीतरी उचलायला बोलावलंय. गेलो तर सगळ्यांनी मिळून मलाच उचललं." चर्चा थांबली. मग त्यांनी जहाजाच्या डेकवर केलेला सराव सांगितला, बॉल समुद्रात गेला की सगळी टीम रेलिंगला ओणवी होऊन त्याला निरोप कशी द्यायची ते सांगितलं, आणि आपल्या एका कप्तानाबद्दल सांगितलं. तो कप्तान कधी भाषण करायचा नाही. खेळाडूंचा ढिगारा पडला की हा सगळ्यांच्या तळाशी असायचा, आणि चिखलातून त्याचा आवाज यायचा, चला रे, उठा. "तो खाली आहे म्हटल्यावर वरच्यांना पडून राहायची लाज वाटायची," सर म्हणाले आणि बसले, आणि ताटातला वडा मोडला.

मग पाहुण्या बाई. देशाच्या जर्सीत परदेशी जाऊन खेळलेली बाई आमच्या हॉलमध्ये, आमच्या पंख्याखाली उभी होती, आणि वाढणाऱ्या मुलींच्या हातातले डाव जागच्या जागी थांबले होते. बाईंनी सांगितलं की पहिल्या शिबिरात त्या धावण्यात सगळ्यांत मागे होत्या. निवड झाली ती तोंडामुळे. "मी गप्पच बसायची नाही," त्या म्हणाल्या. "या खेळात पास मागेच द्यावा लागतो. पण जिच्याकडे बॉल असतो तिची नजर पुढे. मागे कोण आहे तिला दिसत नाही. मागून कुणी आवाज दिला, की मी डावीकडे आहे, मी आहे, तरच तिला कळतं. मी आयुष्यभर तेवढंच काम केलं. मागून ओरडले." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नऊने त्यांच्या पेल्यात सोलकढी ओतली ती पेला भरून वाहिली तरी ओततच राहिली. बाई हसून म्हणाल्या, "पुरे, मी आहे इथेच."

आणि माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले तर पाठ केलेलं भाषण पार धुऊन निघालेलं. हात कुठे ठेवायचे तेही कळेना, म्हणून मी टेबलावरचा सरांचा बॉल उचलून छातीशी धरला. तो हातात आला आणि मला एकदम आमची पहिली स्पर्धा आठवली. मी तीच सांगायला लागले.

आम्ही घाटावर गेलो होतो, सात जणींच्या रग्बीच्या स्पर्धेला. रत्नागिरीचा मुलींचा संघ त्याआधी कुणी पाहिलेलाच नव्हता. रग्बीचा एक नियम आहे. तुम्हाला टॅकल करून पाडलं की बॉल सोडायचा, लगेच. हात लांब करायचा, आपल्या बाजूला बॉल जमिनीवर ठेवायचा, म्हणजे मागून येणारी आपली खेळाडू तो उचलते आणि खेळ चालू राहतो. सरांनी हे आम्हाला किनाऱ्यावर घोटून घोटून शिकवलं होतं. आम्हाला ते पोपटासारखं पाठ होतं. पण सामना सुरू झाला, आमची पहिली मुलगी पडली आणि तिने बॉल पोटाशी असा धरला की उघडायला सुतार बोलवावा लागला असता. आणि आम्ही बाकीच्या सहाजणी एका सुरात ओरडतोय, "टेकवू नको गो, टेकवू नको!"

हॉलमधले सगळे हसले, कारण त्यांना लगेच कळलं. बाहेरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी निघते आणि ती खांद्यावर घेऊन नाचवतात. ढोल वाजत असतो, पालखी वर-खाली होत असते, नाचणारा दमला की मागचा पुढे येऊन खांदा देतो, पण पालखी वाटेत जमिनीला टेकू देत नाहीत. ती टेकायची ती सहाणेवर, म्हणजे गावाने तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. बापाच्या खांद्यावर बसून बघितलेलं असतं. आणि आम्हा पोरींना वाटतच राहिलेलं असतं की आपल्यालाही एकदा खांदा द्यायला मिळावा. तर मिळाला तो असा, घाटावर, लांबुडक्या बॉलला.

रेफरीने शिटी वाजवली. नियम असा की बॉल सोडला नाही तर समोरच्यांना पेनल्टी, आणि चूक काय ते रेफरी हाताने दाखवतो. दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून, बाळ कवटाळल्यासारखे. याचा अर्थ तू बॉल सोडला नाहीस. आम्ही ती खूण पहिल्यांदाच बघत होतो. आम्हाला वाटलं, भला माणूस आहे, नवख्या पोरींना मदत करतोय, घट्ट धरा म्हणून सांगतोय. मग काय विचारता. पुढची जी पडली तिने आणखी घट्ट धरला. शिटी. पुन्हा तीच खूण. तिच्यापुढची पडली तिने बॉलवर पालथी पडून वर गुडघेही आवळले. रेफरी छाती आवळून आवळून दमला, आम्ही माना डोलवून त्याचे आभार मानतोय, आणि मैदानाबाहेर सर कपाळाला हात लावून खाली बसलेले.

इथे हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात कमिटीतल्या एका आजोबांना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. मी थांबले. मला जेवढं हसू येत होतं तेवढंच मन भरून येत होतं. कारण पुढची गोष्ट.

सामना सपाटून हरलो. सर आम्हाला घेऊन झाडाखाली बसले. रागावले नाहीत. विचारलं, "नियम माहीत आहे ना?" आमच्यातली एक आतल्या गावातली होती, तिच्या घराण्याकडे पालखीचा मान. ती रडत म्हणाली, "माहीत हाय सर. पण हात सुटतच नाय. पालखी मातीत टेकवल्यासारखं वाटतं." सरांनीही आपल्या गावात पालखी नाचवलेली. मग म्हणाले, "टेकवायची नाही, बरोबर आहे. पण सहाणेवर बसवतेस ना? मग तू जिथे पडशील ती सहाण. तिथे बसव तिला नीट. मागची खांदा द्यायला येतेच आहे."

दुसऱ्या सामन्यात मी पडले. कोपर सोलवटलं, तोंडात माती गेली. मी हात लांब केला आणि बॉल खाली ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी जिवाचं पाणी झालं. आणि मला मागून पावलं ऐकू आली. नऊ आली, बॉल उचलला आणि जी सुटली ती थेट रेषेपलीकडे. ट्राय, म्हणजे आमच्या खेळातला गोल. रत्नागिरीच्या मुलींचा पहिला ट्राय. तोही सामना आम्ही हरलो, पण आम्ही असा धिंगाणा घातला की जिंकलेल्या मुली आम्हाला येऊन विचारायला लागल्या, तुम्ही हरलात ना?

"तर नेतृत्व म्हणजे मी एवढंच शिकले," मी म्हटलं. "आपण पडलो की वेळेवर खाली ठेवता आलं पाहिजे. मागची येते यावर भरवसा पाहिजे." टाळ्या पडल्या. काही जण उभे राहिले. मला वाटलं मैदान खिशात पडलं. माझे कान गरम झाले होते आणि मी इतकी खूश होते की पाहुण्या बाईंना मिठीच मारणार होते.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्ष बसल्या जागेवरून म्हणाले, "छान बोललीस. सागोतीपेक्षा छान. आता मला एक सांग, म्हणजे कमिटीला वेगळं विचारायला नको. मैदान दिलं, तर आठवडाभर तिथे उभं कोण राहणार? पोरी पडणार, लागणार, आईबाप विचारायला येणार. तू लोट्याला."

"मी बघते काका," माझ्या तोंडून आपोआप निघालं. "सुट्टीच्या दिवशी मी येतेच. बाकीचे दिवस मी फोनवरून सगळं सांगते. आणि पुढेमागे बदलीचं बघते, इथून जाऊन-येऊन करता येईल, अगदीच नाही तर नोकरी..."

बोलता बोलता माझी नजर सरांवर गेली. त्यांच्या तोंडात वडा होता, त्यामुळे ते काही बोलू शकत नव्हते. त्यांनी फक्त दोन्ही हात छातीशी आणले आणि घट्ट आवळले. बाळ कवटाळल्यासारखे.

आधी कळलं पाहुण्या बाईंना. त्या खुदकन हसल्या आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग वाढणाऱ्या मुलींना कळलं. मग, मी आत्ताच सगळ्यांना ती खूण शिकवली असल्यामुळे, अख्ख्या हॉलला कळलं. ठसका लागलेल्या आजोबांनीही दोन्ही हात छातीशी आवळून मला दाखवले. मी खाली बघितलं. सरांचा बॉल मी भाषणभर छातीशी धरून उभी होते, आणि आता तर दोन्ही हातांनी.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. संघ मी उभा केला, घरोघरी जाऊन आईबापांना मी पटवलं, मुलींचे दुखरे गुडघे मी चोळले, आणि आता वडा खाता खाता मला सांगतात सोड. मी नऊकडे बघितलं. ती सोलकढीचा जग हातात घेऊन दोन टेबलांच्या मधे उभी होती आणि खाली बघत होती. ती हसत नव्हती. ती एकटीच हसत नव्हती.

"नऊ," मी म्हटलं, "आठवडाभर मुली काय करतात गो?"

"ओहोटी बघून आम्ही भाट्याला जमतो, मी सराव घेते," ती म्हणाली. "तू लोट्याला गेलीस तेव्हापासून. शाळेतल्या सहा नव्या मुली पण येतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं, ताई."

आणि मला वाटलंच. भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मी गेटबाहेर फोनमध्ये ओरडत होते तेव्हा ती ओल्या वाळूवर उभी राहून काम करत होती. आणि तरी प्रत्येक वेळी मी एसटीतून उतरल्यावर ती आमच्या जुन्या मुलींना माझ्यासमोर रांगेत उभं करायची, जणू आठवडाभर त्या माझीच वाट बघत होत्या. मला वाईट वाटत होतं, आणि त्याच्या आतून, शपथेवर सांगते, एक भलताच आनंद वर येत होता. सहा नव्या मुली. मला न विचारता सहा नव्या मुली.

मी टेबलाला वळसा घालून पुढे आले. सिल्कची साडी नेसले होते, तरी एका गुडघ्यावर बसले. हात लांब केला आणि बॉल नऊच्या बाजूला, हॉलच्या फरशीवर ठेवला. आणि हात काढून घेतला.

तिने विचारच केला नाही. जग जवळच्या टेबलावर आदळला, सोलकढी कुणाच्या तरी शालीवर उडाली, आणि ती पुढे झाली आणि वाकून तिने बॉल उचलला. मग तिच्या लक्षात आलं की आपण हॉलमध्ये आहोत आणि सगळे आपल्याकडे बघताहेत. पळायला जागा नव्हती, म्हणून ती बोलली. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या मुलीला घरून नेणं-आणणं लागतं, प्रथमोपचाराची पेटी कुठे ठेवायची, क्लबातल्या क्रिकेटवाल्यांचा रविवार त्यांच्याकडेच राहू द्यावा, पावसाळ्यात गवत कुणी कापायचं, सगळं तिने तिथल्या तिथे सांगितलं. मधेच अडखळली, आणि मागून पाहुण्या बाईंनी मोठ्याने म्हटलं, "आहोत आम्ही." ती पुढे बोलत गेली.

रग्बीत बॉल ठेवून झाला की पडून राहायचं नसतं. उठून आपल्या बाजूला, तिच्या मागे जायचं असतं. मी उठले, सोलकढीचा जग उचलला आणि राहिलेल्या टेबलांना वाढायला लागले. अध्यक्षांपाशी आले तेव्हा त्यांनी पेला पुढे केला आणि हळूच म्हणाले, "आता कमिटी कशाला बसवायची?" कमिटी बसली, पण हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्याउभ्याच. मैदान मुलींना मिळालं. बॉक्स क्रिकेटवाला माणूसही जेवायला होता. त्याने जाताना नऊला विचारलं, माझी मुलगी आठवीत आहे, घ्याल का.

त्यानंतरची माझी सुट्टी बुधवारी आली. लोट्याहून निघताना रस्त्यात गाडी पंक्चर झाली आणि मी क्लबाच्या मागच्या मैदानावर पोचले तेव्हा सराव सुरू होऊन गेला होता. माझ्यासाठी कुणी रांग धरून उभं नव्हतं. लाल माती उडत होती, मुली पडत होत्या, बॉल खाली ठेवत होत्या, मागच्या उचलत होत्या. नऊच्या गळ्यात शिटी होती. तिने मला लांबूनच पाहिलं.

"ताई, उशीर झाला," ती ओरडली. "मैदानाला दोन फेऱ्या."

मी पिशवी कुंपणाला अडकवली, चपला काढल्या आणि पळायला लागले.